सॉफ्टवेअर घेण्याआधी ते सोडायचं कसं, हे ठरवा

लहान धंद्यासाठी बिलिंगचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर घेण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी एकच आहे. डीलर लॅपटॉप घेऊन दुकानात येतो, आधीच भरून आणलेल्या नमुना डेटावर दहा मिनिटांत बिल काढून दाखवतो, त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि बोलणी सुरू होतात ती थेट 'शेवटचा भाव सांगा' इथून. बाजारपेठेतल्या आणखी दोघांनी तेच घेतलंय असं कळलं की सौदा पक्का. उद्या हे सॉफ्टवेअर बंद करायचं ठरलं, तर माझा हिशेब मला कोणत्या रूपात परत मिळेल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारायला हवा. आणि तो एकेकट्या दुकानदाराच्या सावधपणावर सोडून भागणार नाही, व्यापारी संघटनांनी आणि सरकारनेही त्यात लक्ष घालायला हवं.

सॉफ्टवेअर कधी ना कधी बदलावं लागतंच. दुसरं गोडाउन होतं, मुलगा ऑनलाइन विक्री सुरू करतो, डीलर गाव सोडतो, कंपनी वार्षिक भाडं दीडपट करते. हिशेब मात्र त्यानंतरही जपावा लागतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रं सांभाळावी लागतात. २०२३-२४ या वर्षाची ती मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाचं बिल न् बिल ३१ डिसेंबर २०३० पर्यंत दाखवता आलं पाहिजे. दरमहा भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरचं नूतनीकरण थांबवलं आणि लॉगिनच बंद झालं, तर नोटिशीला उत्तर देताना पुढे काय ठेवणार?

अशा वेळी दाद कुठे मागायची, हाही प्रश्न आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली 'ग्राहक' ही व्याख्या व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू आणि सेवांना वगळते. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलं असेल, तरच सूट आहे. चार नोकर ठेवलेल्या दुकानदाराने ग्राहक आयोगावर विसंबू नये. राहतो तो करार, आणि ऑनलाइन सेवेच्या करारात वाद बेंगळुरू किंवा दिल्लीच्या न्यायालयात चालेल असं कलम असलं, तर इचलकरंजीचा यंत्रमागवाला पंधरा हजारांच्या वादासाठी तिकडे जाणार नाही. संरक्षण हवं असेल तर ते खरेदीच्या दिवशीच, आपल्या हाताने करून घ्यावं लागतं.

'डेटा एक्स्पोर्ट होतो ना?' या प्रश्नाला 'हो' याखेरीज दुसरं उत्तर मिळत नाही. म्हणून प्रश्न विचारण्याऐवजी डेमोच्या वेळीच समोर चार फाइली काढून मागाव्यात. पहिली मालाची यादी: एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), जीएसटीचा दर, एकक आणि बारकोडसह. दुसरी पार्ट्यांची, म्हणजे गिऱ्हाइकांची आणि पुरवठादारांची, जीएसटी क्रमांक आणि उधारीच्या दिवसांसह. तिसरी विक्री आणि खरेदीची, ज्यात बिलातली प्रत्येक ओळ वेगळी हवी. चौथी बिलवार येण्या-देण्याची. औषधाचं दुकान असेल तर बॅच आणि मुदतीची तारीखही लागेल. फाइली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) किंवा एक्सेलमध्ये हव्यात. पीडीएफ वाचायला बरी, पण ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवता येत नाही.

या चारांपैकी सर्वांत जास्त वेळा हरवते ती चौथी. जुन्या सॉफ्टवेअरमधून पार्टीची बाकी २,४०,००० रुपये असा एकच आकडा बाहेर येतो आणि नव्यात 'ओपनिंग बॅलन्स' म्हणून चढतो. त्यातलं कोणतं बिल नव्वद दिवसांचं, कोणतं दहा दिवसांचं आणि कोणत्या बिलापोटी अर्धी रक्कम आलेली, हे सगळं पुसलं जातं. मग वसुलीला गेलेल्या माणसाला पार्टी म्हणते, 'ते मागचं बिल तर चुकतं केलं', आणि त्याच्या हातात दाखवायला काही नसतं. डेटा आणला आणि ताळेबंद जुळला एवढ्यावर समाधान मानू नये. जुन्या आणि नव्यातल्या बिलवार याद्या शेजारी ठेवून निदान वीस मोठ्या पार्ट्या तपासाव्यात.

फाइल मिळाली तरी ती हाताळताना नुकसान होऊ शकतं. हळदीचा एचएसएन ०९१० आहे. सीएसव्हीवर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली की पुढचं शून्य जातं आणि ९१० उरतं. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याचा अख्खा माल चुकीच्या कोडवर चढतो आणि दोष नव्या सॉफ्टवेअरला दिला जातो. तेरा आकडी बारकोड ८.९०ई+१२ असा दिसू लागतो, आणि तशीच फाइल सेव्ह केली की मागचे आकडे कायमचे गेले. कॉम्प्युटरची तारीख-पद्धत अमेरिकन असेल तर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिलचं बिल ४ मेचं होतं. उपाय साधा आहे: फाइल थेट न उघडता एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून आत घ्यायची आणि एचएसएन, बारकोड, बिल क्रमांक हे रकाने 'टेक्स्ट' म्हणून निवडायचे. मूळ फाइलची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवायची.

महाराष्ट्रात यात आणखी एक अडचण येते. कित्येक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मालाची आणि गिऱ्हाइकांची नावं मराठीत आहेत, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. ती श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये भरलेली असतात. पडद्यावर 'तूरडाळ' दिसते, पण फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी साठवलेली असते. फाँट काढला की नाव वाचता येत नाही. अशा नावांचं युनिकोडमध्ये रूपांतर करून देणार का, त्याचे किती घेणार आणि जोडाक्षरं तपासणार कोण, हे नव्या वेंडरबरोबर आधी ठरवावं. हजार-दोन हजार नावं पुन्हा टाइप करण्याची पाळी आली, तर त्याचा खर्च सॉफ्टवेअरच्या किमतीइतका होऊ शकतो.

बदल करायचा तर तो १ एप्रिलला केलेला उत्तम. ते जमत नसेल तर निदान तिमाहीच्या सुरुवातीला करावा आणि बिलांना नवी मालिका द्यावी. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. नव्या सॉफ्टवेअरने पुन्हा १ पासून सुरुवात केली तर त्याच वर्षात एकाच क्रमांकाची दोन बिलं होतात. पहिला महिना दोन्ही सॉफ्टवेअर चालू ठेवावीत, पण गिऱ्हाइकाच्या हातात जाणारं बिल एकाच ठिकाणाहून निघावं.

आता वेंडरची पारख. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत दर बदलले आणि ते २२ सप्टेंबरपासून लागू झाले. मध्ये दिवस मिळाले १९. बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांच्या टप्प्यांतला बहुतेक माल दुसरीकडे गेला. नव्या वेंडरला हेच विचारावं: तुमचं अपडेट कोणत्या तारखेला आलं? शेकडो वस्तूंचे दर एकदम बदलायची सोय होती, की एकेक वस्तू उघडून बदलावी लागली? आणि २२ सप्टेंबरआधी विकलेला माल नंतर परत आला, तेव्हा क्रेडिट नोट जुन्या दराने निघाली का? ज्या सॉफ्टवेअरमध्ये दर फक्त मालाच्या यादीत असतो आणि त्याला 'या तारखेपासून' असा रकाना नसतो, तिथे जुनं बिल नुसतं उघडून सेव्ह केलं तरी ते नव्या दराने मोजलं जाऊ शकतं. डेमोत हे करून दाखवायला सांगावं. नमुना डेटा नको, आपली खरी वीस बिलं द्यावीत. त्यांत परत आलेला माल असावा, अर्धवट आलेले पैसे असावेत, दहावर एक मोफत अशी स्कीम असावी, राज्याबाहेरचं आयजीएसटीचं बिल असावं आणि बिल झाल्यावर दिलेली सूटही असावी. मग त्या वीस बिलांची जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, पोर्टलवर चढवायची जेसॉन फाइल काढून ती सीएंना पाहायला द्यावी. ज्याला हे अर्ध्या दिवसात जमत नाही, त्याचा पडदा कितीही देखणा असला तरी त्याच्याकडून घेऊ नये.

दुकानातल्याच कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल एक गैरसमज आहे की डेटा आपल्याच ताब्यात असतो. हार्ड डिस्क आपली असते, पण डेटाबेसचा पासवर्ड अनेकदा फक्त डीलरला ठाऊक असतो. तो लेखी मागून सीलबंद पाकिटात ठेवावा. डेटाबेस कोणता आणि कोणत्या आवृत्तीचा, हेही विचारावं. पुष्कळ बिलिंग सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मोफत डेटाबेसवर चालतात. त्याच्या २०२२ पर्यंतच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की नवी नोंद घेतली जात नाही, आणि हे घडतं ते ऐन दिवाळीच्या गर्दीत, कारण बिलं तेव्हाच जास्त होतात. खरेदीच्या बिलांचे फोटो डेटाबेसमध्येच साठवले जात असतील, तर मर्यादा लवकर येते. तुमच्या सगळ्यात जुन्या ग्राहकाचा डेटा आज किती जीबी आहे, या प्रश्नाला ज्या वेंडरकडे उत्तर आहे, त्याला आपलं काम कळतं असं समजायला हरकत नाही.

बॅकअपबद्दल थोडक्यात. कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे, कारण रॅन्समवेअर त्याच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतं. एक प्रत दुकानाबाहेर हवी, आणि तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून कालच्या तारखेचं बिल दिसतं का, ते पाहायला हवं.

डेटाइतक्याच महत्त्वाच्या आहेत त्या किल्ल्या. वेबसाइट बनवणारा 'डोमेन आम्हीच घेऊन टाकतो' म्हणतो आणि स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. दहा वर्षं दुकानाच्या पाटीवर आणि बिलावर छापलेला पत्ता कागदोपत्री दुसऱ्याचा असतो. डोमेन दुसरीकडे न्यायला ट्रान्सफर कोड लागतो आणि तो खातेदारालाच मिळतो. म्हणून डोमेनचं खातं मालकाच्या नावाने, मालकाच्या मोबाइलवर उघडून वेंडरला फक्त कामापुरता प्रवेश द्यावा. गूगलवरची दुकानाची नोंद, कंपनीच्या ईमेलचं ॲडमिन खातं, व्हॉट्सॲपच्या बिझनेस सेवेसाठीचं मेटाचं खातं, या सगळ्यांना हेच लागू आहे. जीएसटी पोर्टलवर तर आजही कित्येकांचा नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल हिशेबनिसाचा किंवा सॉफ्टवेअरवाल्याचा असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो, नोटिशीचा ईमेलही त्याच्याकडेच जातो. हे बदलायला करार लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

खास आपल्यासाठी सॉफ्टवेअर लिहून घेणाऱ्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या दोन तरतुदी लक्षात ठेवाव्यात. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क मालकाचा असतो, पण बाहेरच्या प्रोग्रामरने ठेक्याने लिहिला असेल तर हक्क सामान्यतः त्याचाच राहतो. तो आपल्याकडे यायचा तर लेखी हस्तांतरण हवं. आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर कलम १९ प्रमाणे ते फक्त पाच वर्षांसाठी आहे असं धरलं जातं. पूर्ण पैसे मोजले म्हणून सोर्स कोड आपला झाला, हा समज कायद्यापुढे टिकत नाही. हिशेबासाठी तर मी कोणालाही खास सॉफ्टवेअर लिहून घेण्याचा सल्ला देणार नाही. खतावणी, येणं-देणं, जीएसटी हे सगळ्यांचं सारखंच असतं आणि कायदा दर वर्षी बदलतो, तो एकट्या प्रोग्रामरच्या आवाक्यातला नाही. फाउंड्रीत कोणत्या भट्टीतून कोणती कास्टिंग निघाली याची नोंद, अशी खरोखर आपलीच असलेली गरज असेल, तर तेवढ्यापुरतं जरूर लिहून घ्यावं.

किमतीची तुलना पाच वर्षांवर करावी. समजा एक सॉफ्टवेअर १५,००० रुपयांना एकदा मिळतं आणि दुसऱ्या वर्षापासून एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) ३,००० आहे. पाच वर्षांत २७,००० होतात. दुसरं 'फक्त ५०० रुपये महिना' आहे, पण दर वापरकर्त्यामागे. तीन जण वापरणार असतील तर वर्षाला १८,००० आणि पाच वर्षांत ९०,०००. दर वर्षी दहा टक्के वाढ धरली तर तो आकडा जवळपास १,१०,००० वर जातो. महाग ते वाईट असं मी म्हणत नाही, दोन शाखा आणि फिरता विक्रेता असेल तर क्लाउडचे, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या अशा सॉफ्टवेअरचे, पैसे वसूल होतात. पण वाढ किती होऊ शकते, हे लिहून घेतलेलं असावं. यावर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित करदात्याला त्याची वजावट मिळते, कंपोझिशनवाल्याला (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या लहान करदात्याला) नाही. वजावटीसाठी वेंडरने स्वतःचं जीएसटीआर-१ भरलेलं असावं लागतं. त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाकला की नोंदणी कधीची आहे आणि रिटर्न भरतो का, हे कोणालाही दिसतं. नोंदणी रद्द झालेला वेंडर पाच वर्षांची सेवा देईल, यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

मग स्थानिक डीलर घ्यावा की मोठी कंपनी? माझं मत असं की सॉफ्टवेअर बहुतेकांनी वापरलेलं, अनेक डीलर सांभाळू शकतील असं घ्यावं, आणि सेवा गावातल्या माणसाकडून घ्यावी. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ अडकला की टोल फ्री क्रमांकावरच्या संगीताचा उपयोग नसतो, अर्ध्या तासात येऊन बसणारा माणूस लागतो. त्या माणसाला नीट पैसे द्यावेत. पैसेही टप्प्यांनी ठरवावेत: तीस टक्के ऑर्डरला, चाळीस टक्के जुना डेटा जुळल्यावर, उरलेले तीस पहिलं रिटर्न भरलं गेल्यावर. त्यातला प्रत्येक टप्पा वेळेवर चुकता करावा. तो डीलरही बहुधा सूक्ष्म उद्योगच आहे. नोंदणी केलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवायचे नाहीत, हा २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याचा नियम त्याच्याही बाजूने आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. आठ तास गल्ल्यावर बसणाऱ्याला हे सगळं तपासायला वेळ कुठे, आणि मोठी कंपनी त्याच्यासाठी आपल्या छापील अटी बदलणार कशाला? ती बदलणार नाहीच. म्हणूनच हा सार्वजनिक प्रश्न आहे. मोबाइल कंपनी बदलताना नंबर कायम ठेवण्याचा हक्क आपल्याला २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाला. तो ग्राहकांनी एकेकट्याने भांडून मिळवलेला नाही, दूरसंचार नियामकाच्या नियमांनी दिला. दुकानाच्या हिशेबाला असा हक्क नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ हा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. त्याच्या २०१९ च्या विधेयकात डेटा सोबत नेण्याचा हक्क होता, तोही अंतिम कायद्यात राहिला नाही. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. क्लाउड सेवा बदलणाऱ्या ग्राहकाकडून तिथे दोन महिन्यांपेक्षा जास्त नोटीस मागता येत नाही, आणि १२ जानेवारी २०२७ पासून बदलण्यासाठी शुल्कही घेता येणार नाही. हा हक्क धंद्यांनाही आहे.

इथे हे जमणार नाही, प्रत्येक सॉफ्टवेअरची रचना वेगळी, असं वेंडर म्हणतील. पण ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद करण्याची पद्धत, आलं तेव्हाही रचना वेगळ्याच होत्या. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पर्यंत मर्यादा ५ कोटींवर आली. आयएनव्ही-०१ हा एकच नमुना सरकारने ठरवला आणि ज्यांना या करदात्यांना सॉफ्टवेअर विकायचं होतं, त्यांनी आपली बिलं त्या साच्यात बसवली. सरकारला बिल पाठवायचा साचा तीन वर्षांत सगळीकडे पोचतो, तर मालकाला त्याचाच हिशेब परत द्यायचा साचा अशक्य कसा? जीएसटीएनने (जीएसटी पोर्टल चालवणाऱ्या संस्थेने) वर सांगितलेल्या चार फाइलींचे रकाने ठरवून द्यावेत, आणि सरकारी अनुदानातून किंवा सरकारी शिफारशीने दिलं जाणारं प्रत्येक सॉफ्टवेअर त्या रूपात डेटा देईल अशी अट घालावी.

तोवर संघटनांनी थांबायचं कारण नाही. मुंबईची महाराष्ट्र चेंबर १९२७ पासूनची, पुण्याची मराठा चेंबर १९३४ पासूनची, आणि प्रत्येक तालुक्याला व्यापारी असोसिएशन आहे. त्यांनी मराठीत एक पानी करारनामा छापावा. त्यात असावं: डेटा ग्राहकाचा, मागितल्यापासून सात दिवसांत चार फाइली सीएसव्हीमध्ये, सेवा बंद झाल्यावर ९० दिवस फक्त वाचण्यापुरतं लॉगिन, वार्षिक वाढीची कमाल मर्यादा, ११ आणि २० या रिटर्नच्या तारखांच्या आधीच्या दोन दिवसांत चार तासांत प्रतिसाद, आणि वादाचं न्यायालय ग्राहकाच्या जिल्ह्यातलं. एक दुकानदार हे पान पुढे करेल तेव्हा वेंडर ते बाजूला सारेल. असोसिएशनने तीनशे सभासदांच्या वतीने पुढे केलं, तर त्याला निदान बसून बोलावं लागेल. या पानावर सही करणाऱ्या वेंडरांची यादी असोसिएशनच्या कार्यालयात लावावी आणि दर वर्षी १ एप्रिलच्या आधी ती तपासून नव्याने लावावी.